चाकाजवळ, बारीक अक्षरात

निलंगा
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषा हिला अप्पाचा आशीर्वाद. जावईबापू श्रीशैलरावांना नमस्कार सांग. कूसूच्या टाळूवरून माझ्या वतीनं हात फिरव. तुझी आई, तुझी अव्वा, असती तर तिनं बाळाला कानडीत कूसू, कूसू म्हणत घर डोक्यावर घेतलं असतं. ती नाही, म्हणून मी म्हणतो.

काल बारसं झालं असेल. मी पोचलो नाही. तुझा फोन दोनदा वाजला, तो मी ऐकला. फोनवर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. समोरून आवाज आला की निम्मं बोलणं घशाखालीच राहतं. कागदाचं बरं असतं, तो मधे बोलत नाही. शाळा चौथीत सुटली आणि पुढचं वाचणं-लिहिणं मी गाड्यांच्या पाट्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून शिकलो, तेव्हा अक्षर कसंही असलं तरी गोड मानून घे.

झालं असं. नांदेडला जाताना बस अहमदपूरच्या पुढं बंद पडली. शेजारचा मल्लेश सोबत होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत तू तिकीट काढून दिलेलं बंगळूरचं विमान गेलं. कोणाचा दोष नाही.

बॅग अजून तशीच भरलेली आहे. डिंकाचे लाडू आहेत, शरणम्मा मावशीनं येऊन वळून दिले. अळीव आहेत, खारकेची पूड आहे, शेंगाची चटणी, घाण्याचं करडीचं तेल, आणि अव्वाची गोधडी. शेवटच्या वर्षी पलंगावर बसून शिवत होती ती. कुणासाठी म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मंजूच्या बाळंतपणात तिच्या पाठीखाली घालायची." तेव्हा तुझं लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

आणि चांदीची डबी आहे. आपल्या घरात बाळाच्या गळ्यात बांधायचं इष्टलिंग आजोळहून जातं. बांधतात स्वामी, पण न्यायचं आजोबानं. तुझं लिंग अव्वाचे वडील भालकीहून घेऊन आले होते, छातीशी धरून, वाटेत पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातानं प्याले. ही डबी मी बॅगेत ठेवली नव्हती. पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातली होती. अजून गळ्यातच आहे.

तिकीट वाया गेलं याचं वाईट वाटतं. तब्येतीला जप. थंड पाण्यात हात घालू नकोस.

तुझा अप्पा


निलंगा
सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. मंजुषा,

तुझा मेसेज आला. चारच शब्द. "बस बिघडली नव्हती, अप्पा."

मल्लेशला विचारलंस. त्याला मी गप राहा म्हणालो होतो, पण तो मोबाईलचं दुकान चालवतो, गप राहणं त्याच्या धंद्यात बसत नाही.

तर खरं सांगतो. बस वेळेच्या आधी पोचली. मल्लेश विमानतळाच्या बाहेर झाडाखाली थांबला आणि मी बॅग घेऊन आत गेलो. आतली फरशी इतकी चकचकीत की मी आधी चप्पल काढायला वाकलो. एका शिपायानं राहू द्या म्हटलं. काउंटरवर एक मुलगी होती, छातीवर पुनम असं नाव लावलेली. बोलायला चांगली. तिनं बॅग काट्यावर ठेवायला लावली आणि तिकीट पाहिलं.

"आजोबा, या तिकिटात बॅग नाही."

"बॅग ही काय, समोर आहे की."

"तसं नाही. तिकिटात फक्त तुम्ही आहात. हातात सात किलो नेता येतं. ही सोळा भरतेय. हिचे वेगळे भरावे लागतील."

"माणूस एक आन त्याची बॅग येगळी, असं कसं? मी बाळंतिणीकडं चाललोय. लाडू इथं ठेवून नुसताच जाऊ का?"

मागं रांगेत हदगावची एक बाई होती, साखराबाई. लेकाकडं बंगळूरला चालली होती. फेब्रुवारीचं ऊन आणि तिच्या अंगावर दोन लुगडी, वर स्वेटर. ती पुढं वाकून म्हणाली, "बाबा, गोधडी अंगावर घ्या की. माझ्या लेकानं फोनवर शिकवलंय, अंगावरचं तोलत न्हाईत. माझ्या वट्यात दोन किलो तूरदाळ हाय."

सगळी रांग हसली. ती पुनमही हसली आणि म्हणाली, "मावशी, हे मी ऐकलं नाही."

मी हसलो नाही. मी खिशातून जाहिरात काढली. वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती, तुझं तिकीट त्याच कंपनीचं आहे म्हणून. वर निळं आभाळ आणि हाताएवढी अक्षरं: *हलके या. हलकं भाडं.* मी ती काउंटरवर पसरली. म्हणालो, "यात बॅगेचं कुठं लिहिलंय दाखव."

तिनं दाखवलं. अगदी खाली, काठाला लागून मुंगीएवढी ओळ होती.

मी म्हणालो, "एवढं खाली, एवढं बारीक कोण वाचतं, बाई?"

ती म्हणाली, "लिहिलेलं आहे, आजोबा."

मग मी बॅग काट्यावरून उतरवली आणि बाहेर आलो.

पैसे खिशात होते. कमी नव्हते. पण अपमान वाटला. आणि मनात आणखी एक होतं, तेही लिहून टाकतो. तिकिटावर छापलं होतं, "सामान: शून्य". हे मी घरीच वाचलं होतं. मला वाटलं तूच तसं छापून घेतलंस. म्हणजे, अप्पा, या पण काही आणू नका, तुमचं काही नको. आपल्याकडं लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जात नाहीत, हे तुला माहीत असून. म्हणून मी मुद्दाम मोठी बॅग भरली. सोळा किलो तिथूनच आले.

तू जाहिरातीच्या कंपनीत आहेस, तुला या लोकांची माहिती असेल. ही ओळ ज्यानं लिहिली त्याला माझा निरोप दे. म्हणावं, तू कधी बाळंतविडा भरलेला नाहीस. हलकं भाडं वर लिहितोस आणि ओझं खाली लपवतोस, याला लिहिणं म्हणत नाहीत.

तुझा अप्पा


निलंगा
बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चि. मंजुषा,

सकाळी देवळात जाऊन आलो. उपास आहे. आज तरी खरं लिहावं म्हणून बसलो.

तुझे तीन मेसेज मल्लेशकडून वाचून घेतले नाहीत, चष्मा लावून स्वतः वाचले.

पहिला: "ती ओळ माझी आहे, अप्पा. बारीक अक्षरं खाली मीच घातली. चाकाजवळ. हे मला कुणी शिकवलं?"

दुसरा: "सामान शून्य म्हणजे काही आणू नका असं नव्हतं. तिकीट काढताना मीही वरचा आकडाच पाहिला. माझ्याच जाहिरातीला मी फसले."

तिसरा: "लिंग बांधायचं थांबवलंय. तुमच्या हातूनच यायला हवं. पण आधी हदगावला जाऊन या. शेषेरावकाकांना खरं सांगा. मग या."

तिसरा मेसेज मी किती वेळा वाचला सांगत नाही. एकवीस वर्षं तू हे बोलली नव्हतीस. अव्वा गेल्यावर तिसऱ्या दिवशीही बोलली नाहीस. तुझ्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो आणि तू पानावरून मान वर केली नाहीस, तेव्हा मला वाटलं की तू विसरलीस आणि ही नुसती सवय राहिली.

मी विसरलो असं मात्र समजू नकोस. तुझ्या लेकीला मोठेपणी कुणी सांगणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. हे पत्र तिच्यासाठी ठेव.

तू आठवीत होतीस. निलंग्याच्या स्टँडवरून लातूरला दोन काळ्या-पिवळ्या जीप जायच्या, एक माझी, एक शेषेरावची. दोघांचं भाडं वीस. टपावर बोचकं टाकलं, ज्वारीचं पोतं टाकलं, की त्याचे वेगळे पाच. भाड्यावरून आमची रोज चढाओढ. त्यानं रुपया उतरवला की मी उतरवायचा. पण टपाच्या पैशावरून आम्ही कधी भांडलो नाही. तिथं दोघंही गुपचूप वाढवत होतो, तीनाचे चार, चाराचे पाच. माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. जे पाटीवर असतं तेवढ्याचीच चढाओढ होते. पाटीवर नसतं ते बांधावरच्या गवतासारखं आपलं आपण वाढतं.

तुझं अक्षर सुरेख. माझ्या जीपच्या मागं तूच रंगवलंस, *भाडं फक्त वीस.* मग ब्रश हातात धरून विचारलंस, "अप्पा, टपाचं कुठं लिहू?"

"खाली. चाकाजवळ. बारीक."

"तिथं चिखल उडंल की."

"उडू दे."

तू लिहिलंस. चार दिवसांत ते चिखलाखाली गेलं. लिहिलेलं होतं पण.

मग एका दुपारी शेषेराव माझ्यासमोर चहा घेऊन बसला. त्याची साक्षी आणि तू एका बाकावर बसायच्या, एका डब्यात खायच्या. तो म्हणाला, "ईश्वरप्पा, आपुन दोघं मिळून गिऱ्हाइकाला आंधळं करून राहिलो. म्हातारी माणसं लातूरला उतरल्यावर टपाचं ऐकतेत आन हात जोडतेत. मला झोप न्हाई. एकच आकडा लिहू. पंचवीस, टपासह. तू बी लिही, मी बी लिहितो. मग आपली चढाओढ काय व्हायची ती खरीखरी हूं दे."

मी हाव म्हणालो. मनापासून म्हणालो, त्या घडीला.

त्यानं त्याच दिवशी लिहिलं. तू घरी पिवळा रंग कालवून ठेवलास, जीपजवळ डबा घेऊन बसलीस. मी म्हणालो, "उद्या."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्याचा आकडा पंचवीस आणि माझा वीस. लोक माझ्याकडं आले. वाचता येणारे आले, न येणारे त्यांच्या मागं आले. लातूरला उतरताना मी टपाचे पाच घेतले, तेवढेच पंचवीस झाले. उतरताना कुणी भांडत नाही, ज्याला त्याला घराची घाई असते.

तू रोज विचारायचीस. मी रोज म्हणायचो, उद्या. आठ दिवसांत रंगावर साय धरली. तू ती काडीनं काढलीस आणि डबा परत झाकून ठेवलास. साक्षीला तू सांगून ठेवलं होतंस, "उद्या आमचं बी लिहितो." ती पोर शाळा सुटल्यावर आपल्या जीपमागं येऊन पाटी बघून जायची. मी आरशातून बघायचो.

तीन महिन्यांत शेषेरावनं जीप विकली आणि बायकोच्या माहेरी हदगावला गेला. साक्षीची जागा रिकामी राहिली. तू मला अप्पा म्हणणं सोडलं नाहीस. काही विचारणं सोडलंस.

आता नांदेडचं. मागच्या पत्रात अपमान झाला असं लिहिलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. "एवढं खाली, एवढं बारीक कोण वाचतं" हे माझ्या तोंडून गेलं आणि मला शेषेरावचा आवाज आला. शेवटच्या दिवशी स्टँडवर तो मला हेच म्हणाला होता, याच शब्दांत. आणि मी त्याला म्हणालो होतो, "लिहिलेलं हाय, शेषेराव." त्या पोरीनं माझंच वाक्य मला परत दिलं. मागं उभी बाई हदगावची. मला वाटलं, ही त्याला ओळखत असेल, आता विचारेल.

म्हणून मी पळालो. बॅगेचं निमित्त झालं. जे न्यायचं होतं ते तर माझ्या गळ्यात होतं, आणि त्याचं वजन कोणी केलंच नव्हतं.

हदगावला जायला सांगतेस. पाय उचलत नाही. बघतो.

तुझा अप्पा


निलंगा
बुधवार, ५ मार्च

चि. मंजुषा,

जाऊन आलो.

मागच्या पत्रात "बघतो" असं लिहिलं आणि पोस्टात टाकल्यावर उमगलं की हा त्या "उद्या"चाच भाऊ. तिथूनच स्टँडवर गेलो आणि दुसऱ्या सकाळची नांदेडची बस विचारून आलो.

हदगावात बाजाराच्या तोंडाला शेषेरावच्या लेकाचं, वैजनाथचं, बियाणं-खताचं दुकान आहे. बाहेर खुर्ची टाकून शेषेराव बसतो. केस गेले, मिशी तीच. दारात फळा आहे, त्यावर खडूनं सोयाबीनच्या बियाण्याचा भाव, आणि पुढं तेवढ्याच मोठ्या अक्षरात "हमालीसह". ते वाचूनच मी थबकलो.

म्हणालो, "ओळखलंस का?"

"फळा वाचायला चष्मा लागतो, माणूस वाचायला न्हाई. बस."

बसलो. त्यानं पाणी मागवलं. पावसाचं विचारलं, तुझ्या अव्वाचं विचारलं. गेली म्हटल्यावर फळ्याकडं वळला. "बसम्माच्या हातची धपाटी," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "एवढ्या लांब धपाट्याची आठवण काढायला आला न्हाईस."

मी सांगायला सुरुवात केली. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते तिथं एकही आठवलं नाही.

"त्या दिवशी चहावर मी हाव म्हणालो होतो."

"म्हणालास."

"रंग घरात तयार होता."

तो मिशीवरून हात फिरवत होता, तो हात थांबला.

"रंग होता?"

"होता. पिवळा. मंजुषानं कालवून ठेवला होता."

मंजू, आत वैजनाथ एका गिऱ्हाइकाला औषधाची बाटली देत होता, ते गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. मग शेषेराव म्हणाला, "साक्षी त्या वक्ती रडायची, ईश्वरकाकानं दगा दिला म्हणून. मी तिला म्हणायचो, न्हाई गं, त्याच्याकडं रंग नसंल. बायकोला बी हेच म्हणालो. इथं आल्यावर लोकांला बी हेच. इतकी वर्षं मी हेच बोलून राहिलो, की रंग नसंल."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या मी वाटेतच सोसून ठेवल्या होत्या. ह्याची तयारी केली नव्हती.

"मग का न्हाई लावलास?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवशी गाडी भरली. दुसऱ्या दिवशी बी भरली."

"आन मग?"

"मग लाज वाटाय लागली. लाजेनं लिहायचं राहिलं, आन गाडी भरतच गेली."

तो हसला. बरं हसणं नव्हतं ते, पण हसला. "पंचवीस तर तू बी घेतच होतास, गाढवा."

"घेतच होतो."

"म्हंजे मी आकड्यानं न्हाई मेलो. आकडा सारखाच होता. तुझा पाटीवर दिसला न्हाई म्हणून मेलो."

"हाव."

आतून वैजनाथची बायको विशाखा जेवायला बोलवायला आली. तिला माझं नाव सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. या घरात माझं नाव ठाऊक आहे. शेषेराव तिला म्हणाला, "वाढ गं, वाढ. वीस वर्षांनी खरं बोलाय आलाय, उपाशी धाडायचं का?" जेवून निघताना त्यानं विचारलं, "जीप हाय का?"

"हाय. परड्यात उभी हाय. चाकं काढलेली."

"चाकं न्हाईत म्हंजे चिखल उडायचं भ्याव बी न्हाई. जा, लिही."

"आता कोण वाचंल?"

"तू वाच."

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. स्टँडवर सोडायला मात्र आला, आणि बस हलताना खिडकीतून एक पुडकं आत ढकललं. हळकुंडं आहेत, त्यांच्या शेतातली, तुझ्यासाठी. साक्षी किनवटला दवाखान्यात नर्स आहे. तिचा नंबर वैजनाथनं कागदावर दिला आहे, तो या पत्राबरोबर जोडतो. फोन तूच कर. "उद्या आमचं बी लिहितो" हे तू तिला सांगितलंस तेव्हा ते खरं होतं. खोटं मी केलं. तिला तसं सांग.

तुझा अप्पा


निलंगा
बुधवार, १२ मार्च

चि. मंजुषा,

तुझा फोन आला आणि मी उचलला. मी काही बोललो नाही, तू काही बोलली नाहीस, मधे कूसू रडली. तिच्याएवढं स्पष्ट आपल्यात कोणीच बोललं नाही. बरं वाटलं.

नंतर तुझा मेसेज वाचला. तू ऑफिसला फोन करून म्हणालीस की जाहिरातीत बॅगेसकट एकच आकडा लिहू या, आणि तुझे साहेब म्हणाले, "जो आधी लिहील तो आधी मरेल." तुला राग आला आहे. मला तुझ्या साहेबांचा राग येत नाही. ते खोटं बोलत नाहीत. आधी लिहिणारा मेला, त्याच्या घरी मी नुकताच जेवून आलो.

पण शेषेराव लिहिलं म्हणून गेला नाही, एकट्यानं लिहिलं म्हणून गेला. समोरच्याच्या घरी रंग तयार होता आणि तो उद्या म्हणाला. तुमच्या धंद्यात तर दोन जीप नाहीत, किती कंपन्या असतील. सगळ्यांनी एका दिवशी लिहावं असं सांगणारं कोणीतरी स्टँडवर उभं पाहिजे. ते होईल तेव्हा होवो. तोवर तू एवढं कर, निदान ती खालची ओळ दोन बोटं वर घे. साहेबांच्या डोळ्यांत न येता जेवढी वर सरकेल तेवढी. आणि सगळंच काढून टाकायचं म्हणून नोकरी सोडू नकोस. मी तुझ्या हातात ब्रश दिला आणि खाली लिही म्हणालो, तो दोष तुझ्याकडं येत नाही. माझ्याकडंच राहू दे, आता त्याची सवय झाली आहे.

जीपवर लिहिलं. परवा सकाळी. अक्षर तुझ्यासारखं आलं नाही. *भाडं पंचवीस, टपासह.* "टपासह"चा "ह" पत्र्याच्या कडेवरून खाली घसरला आहे. तुझं जुनं "वीस" खरवडताना जीव खालीवर झाला, म्हणून एक कोपरा ठेवला, "भाडं" हा शब्द तुझ्याच अक्षरात आहे. चाकाजवळचंही दिसलं. चिखल खरवडला तर खाली सगळं शाबूत, एक अक्षरही उडालेलं नाही. किती नेटकं लिहिलं होतंस ग. ते मी पुसलं. मनिषा आपल्या गल्लीतली, कोंबड्यांना दाणे टाकायला आली, पाटी बघून म्हणाली, "ईश्वरकाका, चाकं न्हाईत आन भाडं वाढवलंत?" मी म्हटलं, "वाढवलं न्हाई बाई, दाखवलं."

मग मल्लेशच्या दुकानात गेलो. म्हटलं, बंगळूरचं तिकीट काढ. तू परत पाठवते म्हणालीस, पण हे मला काढू दे.

मल्लेश म्हणाला, "काका, बिनबॅगचं स्वस्त दिसतंय. तेच काढतो. बॅगचं मग काउंटरवर बघू."

"न्हाई. टपासह काढ."

"काय सह?"

त्याला समजावून सांगायला चहा संपला. आता तिकिटावर माझं नाव आहे आणि खाली "सामान: १५ किलो". एकच आकडा दिला. काट्यावर बॅग सोळा भरली होती, म्हणून चटणीची एक बरणी काढली आणि त्यात शेषेरावची हळकुंडं बसवली. गोधडी अंगावर घेऊन जावं असंही मनात आलं, त्या साखराबाईच्या सांगण्यावरून. पण नको. गोधडीचं भाडं दिलंय, तिला बॅगेत ऐसपैस बसू दे. डबी गळ्यातच असेल. ती कोणी तोलू नये.

मी तिकडं चार दिवस राहीन. तुझ्या घरात कसं वागायचं, कुठं बसायचं, किती बोलायचं, ते मला ठाऊक नाही. तू सांगशील तसं. लिंग बांधून झालं की कूसूला मांडीवर दे, एवढंच मागणं आहे. आणि साक्षीनं फोन उचलला का ते तोंडानं सांग, मेसेजवर नको.

शेवटी "लवकरच येतो" असं लिहिलं होतं. ते खोडलं, तुला खोडलेलं दिसतच असेल. तारीख लिहितो. कागदाच्या मधोमध, जेवढी मोठी मावेल तेवढी:

गुरुवार, २० मार्च

खाली बारीक अक्षरात काही नाही. बघून घे.

तुझा अप्पा